सकाळचे गरम पाणी : टाकीचा गीझर की इन्स्टंट?

आशागडला कसली थंडी, असे मुंबईचे पाहुणे हसून म्हणतात. जानेवारीत फज्रच्या वजूला गच्चीवरच्या टाकीतले पाणी हातावर पडले की त्यांचे हसू थांबते. आमच्या घरात माणसे सहा. अम्मींचे गुडघे दुखतात, मुलांची शाळा सकाळची. इतकी वर्षे आम्ही बादलीत हीटरचा रॉड टाकून भागवले. गेल्या हिवाळ्यात धाकट्याने रॉड चालू असतानाच पाण्यात बोट घातले. झटका हलका बसला, अल्लाहने वाचवले. त्याच दिवशी गीझर घ्यायचे ठरले.

दुकानदार म्हणाला, "इन्स्टंट घ्या, वीज वाचेल." आम्ही मास्तर माणसे, वही काढून हिशेब मांडला.

एक बादली, म्हणजे 18 लिटर पाणी 25 अंशांवरून 40 अंशांवर नेण्यास साधारण एक तृतीयांश युनिट वीज लागते. गीझर कोणताही असो, पाणी तापवण्याची ही वीज तेवढीच. टाकीतले पाणी तसेच राहिले तर मात्र हळूहळू निवते आणि तेवढी वीज वाया जाते. म्हणून टाकीचा गीझर दिवसभर चालू ठेवू नये.

3 किलोवॅटचा इन्स्टंट गीझर ही बादली सहा-सात मिनिटांत भरतो, पण पूर्ण 230 व्होल्ट मिळाले तर. व्होल्टेज 180 वर उतरले की त्याची ताकद जेमतेम 1.8 किलोवॅट उरते आणि बादलीला दहा मिनिटे लागतात. नळ मोठा सोडला तर पाणी कोमटच येते.

2 किलोवॅटचा 15 लिटरचा टाकीचा गीझर पाणी 60 अंशांपर्यंत तापवण्यास वीसेक मिनिटे घेतो. त्यात थंड पाणी मिसळले की आंघोळीच्या जवळजवळ दोन बादल्या होतात. व्होल्टेज कमी असेल तर वेळ वाढतो, पण पाणी तापते. वीज गेली तरी ते काही तास गरम राहते.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट पाहावी लागते. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीने भूकंपाचे किती धक्के सोसले! 1 फेब्रुवारी 2019 चा धक्का 4.1 तीव्रतेचा होता. भरलेला 15 लिटरचा गीझर वीस-पंचवीस किलोचा होतो. तो पातळ भिंतीवर किंवा आंघोळीला बसतो त्या जागेच्या वर टांगू नये. आम्ही नऊ इंची भिंतीत मोठे बोल्ट ठोकून तो दाराच्या बाजूला बसवला.

दोघा-तिघांचे घर असेल, व्होल्टेज चांगले असेल आणि वजू, भांडी एवढ्यापुरते पाणी हवे असेल, तर इन्स्टंट पुरेसा आहे. मोठ्या कुटुंबाने टाकीचाच घ्यावा. घेताना स्टार पाहावेत.

कोणताही घेतला तरी 16 अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, पक्के अर्थिंग आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी हवाच. टाकीच्या गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह कधी बंद करू नये. गॅसचा गीझर बंद न्हाणीघरात तर मुळीच नको. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो, माणूस बेशुद्ध झाल्यावरच कळते.

आमच्याकडे बटण न्हाणीघराच्या बाहेर आहे. फज्रच्या वीस मिनिटे आधी अम्मी ते चालू करतात. पाण्याला हात लावण्याआधी ते बंद करायची जबाबदारी धाकट्याने स्वतःहून घेतली आहे.