मुख्याध्यापक गप्प बसले तर?

शाळा जिल्हा परिषदेची असो, खासगी संस्थेची असो की अकोले तालुक्यातली आश्रमशाळा. शिक्षकाने लैंगिक छळ केल्याचे मुलाने सांगितले, तर ‘आधी संस्थेत बोलून घेऊ’ म्हणायला कायद्यात जागा नाही. पोक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. कनिष्ठाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला कलम २१ खाली एक वर्षापर्यंत कैद आणि दंड होतो. बदलापूरच्या शाळेतील मुलींच्या लैंगिक छळाच्या प्रकरणात (ऑगस्ट २०२४) मुख्याध्यापिका आणि संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवरही गुन्हे दाखल झाले. निलंबन, खातेनिहाय चौकशी यांची वाट पाहत फिर्याद लांबवता येत नाही.

गावात बसून मिटवलेले प्रकरणही मिटत नाही. राजस्थानातील एका शिक्षकावरील गुन्हा मुलीच्या वडिलांशी तडजोड झाल्याने उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा उभा केला.

मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, साध्या वेशात घ्यायचा असतो. रात्री मुलाला पोलीस ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही. पालकांनी हे ठासून मागावे. शाळा दाद देत नसेल, तर थेट पोलीस ठाणे गाठावे किंवा १०९८ या चाइल्डलाइन क्रमांकावर फोन करावा.