पावकीपासून अंतर्गत गुणांपर्यंत

पंतोजींच्या शाळेतून बाहेर पडणारा मुलगा पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि औटकी एवढे अपूर्णांकांचे पाढे मुखोद्गत करून निघे, आणि त्या शिदोरीवर वाण्याच्या पेढीत किंवा मामलेदार कचेरीच्या दप्तरात त्याचा निर्वाह निर्वेधपणे होई. साडेतिनांची पट कशी निघते हे विचारण्याचा शिरस्ता मात्र त्या शाळेत नव्हता. या शिक्षणाची आज जी सर्रास थट्टा होते, ती मला पुरतेपणी रुचत नाही. रुपयाचे सोळा आणे आणि मणाचे चाळीस शेर होते तोवर पाव आणि पाऊण ही बाजाराचीच बोली होती, आणि शाळेत शिकलेले गणित संध्याकाळी दुकानात उपयोगी पडे. 1957 साली दशमान नाणी आली, त्यापाठोपाठ किलो आणि मीटर आले, आणि औटकीचा आधारच नाहीसा झाला.

इंग्रजी अमदानीतील माध्यमिक शाळेने पाठांतराच्या शेजारी सिद्धता आणून बसविली, हा तिचा मोठाच उपकार होय. युक्लिडची प्रमेये पाठ करणारेही पुष्कळ निघाले. परंतु प्रमेयाखाली दिलेला रायडर, म्हणजे त्या प्रमेयाच्या आधारे स्वतः सोडवायचे उदाहरण, पाठ करून सुटत नसे, आणि आकृतीत नेमकी कोणती रेघ वाढवावी हे रात्री अंथरुणावर पडल्यावर एकाएकी सुचण्याचा आनंद त्या काळच्या मुलांना लाभला तो रायडरांमुळेच. खंत एवढीच वाटते, की कर्णाच्या वर्गाचे प्रमेय वर्गात आले तेव्हा त्याच्यासोबत भास्कराचार्यांचा वेळू आला नाही. 1150 साली रचलेल्या ‘लीलावती’त बत्तीस हात उंचीचा एक वेळू वाऱ्याने मोडतो, त्याचे टोक बुंध्यापासून सोळा हातांवर जमिनीला टेकते, आणि तो किती उंचीवर मोडला असे आचार्य विचारतात; बारा हातांवर, हे उत्तर काढण्यास आठवीतल्या मुलाला जेमतेम चार ओळी पुरतात. ज्या मुलखात, चाळीसगावनजीक पाटण येथे, आचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद यादवकालीन शिलालेखात आढळते, त्याच मुलखातील शाळांत ‘लीलावती’ पुढे केवळ अभिमानाने उच्चारण्यापुरती उरली.

या सबंध मागोव्यात जेथे थांबावेसे वाटते ते ठिकाण म्हणजे देवळाली. तेथील शाळेत 1930 ते 1962 पर्यंत शिक्षकी करणाऱ्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी 1949 साली 6174 या संख्येचे रहस्य उकलले. कृती अशी, की सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी, आणि आलेल्या उत्तरावर, ते तीन अंकी असल्यास डावीकडे शून्य धरून, पुन्हा तेच करावे. त्या शोधाचे सालच घेऊन पाहू: 9941 वजा 1499 म्हणजे 8442; पुढे अनुक्रमे 5994, 5355, 1998, 8082, 8532, आणि सातव्या वजाबाकीला 6174. त्यापुढे कितीही वेळा वजा केले तरी उत्तर बदलत नाही, आणि आरंभीची संख्या कोणतीही असो, सातांहून अधिक वजाबाक्या कधीच लागत नाहीत.

हा निव्वळ चमत्कार म्हणून दाखविला तर मुले टाळ्या वाजवून विसरतील. परंतु उतरत्या क्रमातील अंकांना अ, ब, क, ड म्हटले, तर वजाबाकी 999(अ − ड) + 90(ब − क) एवढीच उरते, म्हणजे उत्तर केवळ दोन फरकांवर अवलंबून असते; आणि दुसरा फरक पहिल्याहून मोठा असू शकत नसल्याने असे प्रकार सारे मिळून 54 होतात. 8991 संख्यांची छाननी 54 उदाहरणांवर येते, आणि पटावर चोपन्न मुले असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला एकेक प्रकार देऊन एका तासात वर्ग स्वतःच सिद्धता पुरी करतो. आपल्याकडील फुगलेल्या पटसंख्येचा इतका सार्थ उपयोग दुसऱ्या कोणी सुचविल्याचे मला आठवत नाही. पुष्कळ विद्वानांनी कापरेकरांच्या या उद्योगाची पोरखेळात गणना केली, आणि 1975 साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्याविषयी लिहिले तेव्हा कोठे त्यांचा खरा बोलबाला झाला. पोरखेळ म्हणणाऱ्यांचे शब्दशः बरोबरच होते. मुलांना खेळता येते, हाच त्या गणिताचा गुण होता.

दरम्यान 1967 साली बालभारतीची स्थापना झाली, दहावीपर्यंतच्या शालेय शिक्षणाचा नवा आकृतिबंध आला, आणि नव्या गणिताच्या जगभर उठलेल्या लाटेबरोबर संच, रिक्त संच आणि वेन आकृती आपल्या पुस्तकांत उतरल्या. कल्पना थोर होती; पण संचाची भाषा शिकल्यावर त्या भाषेत बोलण्याजोगे काही मुलाच्या हाती पडले नाही, आणि महिरपी कंस नीट काढणे हेच कौशल्य ठरले. याहून कितीतरी अधिक काम मंगला नारळीकरांच्या ‘गणितगप्पां’नी केले, ज्यांस अभ्यासक्रमाचा हुकूम लागला नाही.

आज दहावीच्या गणितात बीजगणिताचे चाळीस, भूमितीचे चाळीस आणि अंतर्गत मूल्यमापनाचे वीस असा हिशेब आहे. हे वीस गुण बहुतेक ठिकाणी सढळ हाताने वाटले जातात, त्यांचे तक्ते वेळेवर भरले म्हणजे शाळा निश्चिंत होते, हे उघड गुपित आहे. वास्तविक चोपन्न प्रकारांचा तो तास बसविण्यास एवढी जागा पुरेशी आहे. तीन अंकी संख्या घेतल्यास याच कृतीने 495 येते, हे मुले दुसऱ्या दिवशी आपण होऊन सांगतात. दोन अंकी संख्यांना असा मुक्काम का मिळत नाही, आणि त्या 81, 63, 27, 45, 9 या फेऱ्यातच का फिरत राहतात, यावर मात्र पुढचे आठ दिवस वर्गात भांडण चालते.