गंबोरोत सुजणारी पिशवी

2022च्या पावसाळ्यात लम्पीची साथ जळगावकडून वऱ्हाडात आली, तेव्हा अकोला-अमरावतीच्या गोठ्यांत कितीतरी जणांच्या हाताला जनावराच्या खांद्यापुढे आणि मांडीपुढे टणक गोळे लागले. ती गळवं नव्हती. त्या लसिकाग्रंथी. त्या असतात तिथेच, फक्त एरवी सहज जाणवत नाहीत. विषाणू तिथे अडवला जातो, त्याला ओळखणाऱ्या पेशी भराभर वाढतात आणि ग्रंथी फुगते.

पण या पेशी तिथे जन्मत नाहीत. त्यांचं मूळ हाडांच्या मगजात. तिथून काही पेशी थायमस या ग्रंथीत जातात आणि ‘टी’ पेशी होतात. स्वतःच्याच शरीरावर उठणाऱ्या बहुतेक पेशी तिथेच संपवल्या जातात. प्रतिपिंडं बनवणाऱ्या ‘बी’ पेशी कुठे घडतात, हे मात्र गायीने नव्हे, कोंबडीने दाखवलं.

कोंबडीला गायीसारख्या लसिकाग्रंथी नसतातच. तिचा थायमस मानेच्या दोन्ही बाजूंना मण्यांसारखा ओळीने असतो, आणि गुदद्वाराच्या वरच्या अंगाला एक छोटी पिशवी असते: बर्सा. इटलीतल्या फॅब्रिशियसने तिचं वर्णन केलं, ते 1621मध्ये त्याच्या मृत्यूनंतर छापलं गेलं. पुढची तीनशेहून अधिक वर्षं तिचं काम कुणाला उमगलं नाही. मग अमेरिकेत ओहायोला ब्रूस ग्लिकने पिल्लांची बर्सा काढून पाहिली. त्याच्या सहकाऱ्याने वर्गात प्रतिपिंडं दाखवण्यासाठी नेमक्या त्याच कोंबड्या उसन्या नेल्या, आणि बर्सा काढलेल्यांत प्रतिपिंडं बनलीच नाहीत! 1956मध्ये हा शोध छापून आला तो कुक्कुटपालनाच्या नियतकालिकात. एका नामांकित विज्ञानपत्रिकेने तो आधी परत पाठवला होता. ‘बी’ हे अक्षर त्या बर्साचंच.

आता पोल्ट्रीच्या शेडमध्ये या. कोंबड्यांच्या गंबोरो रोगाचा विषाणू नेमका बर्सातल्या कोवळ्या बी पेशींवर तुटून पडतो. तीन ते सहा आठवड्यांची पिल्लं पिसं फुगवून बसतात, पांढरट हगतात. चौथ्या दिवसापर्यंत बर्सा दुप्पट सुजते, आठव्या दिवशी मूळच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी उरते. म्हणून मेलेलं पिल्लू फाडताना डॉक्टर बर्सा बघायला विसरत नाहीत. तीन आठवड्यांच्या आत लागण झाली तर मरतूक फारशी दिसत नाही, आणि माझ्या मते खरा धोका तोच. पिल्लू धडधाकट दिसतं, पण बी पेशी घडायची जागाच गेलेली असते. पुढे मानमोडीवरची लसोटा लस देऊनही मानमोडी येते आणि दोष बिचाऱ्या लसीवर जातो.

अंड्यावर आलेल्या कोंबडीत बर्सा शोधायला जाऊ नका. तोवर ती आक्रसून गेलेली असते. तिथे घडलेल्या पेशी एव्हाना पाणथरीत आणि आतड्याच्या भिंतीत जाऊन बसलेल्या असतात.