आलेखावरून डावी व उजवी सीमा

साध्या पत्रासाठी पहिल्या २० ग्रॅमपर्यंत ५ रुपये आणि पुढील प्रत्येक २० ग्रॅमसाठी किंवा त्याच्या भागासाठी आणखी ५ रुपये, असा टपालाचा दर आहे असे मानू. पत्राचे वजन क्ष-अक्षावर व टपाल आकार य-अक्षावर घेतल्यास जिन्यासारखा आलेख मिळतो. अशा फलनाला पायरी-फलन म्हणतात.

आता क्ष = २० कडे लक्ष द्या. आलेखावर बोट ठेवून डावीकडून २० कडे सरका. वजन १९, १९.५, १९.९९ ग्रॅम झाले, तरी आकार ५ रुपयेच राहतो. म्हणून २० पाशी डावी सीमा ५ आहे. उजवीकडून येताना २१, २०.५, २०.०१ ग्रॅमला १० रुपयेच पडतात. उजवी सीमा १० आहे. दोन्ही भिन्न असल्यामुळे येथे फलनाला सीमा नाही. पाकिटाला थोडा डिंक जास्त लागला तरी पत्र वरच्या पायरीवर जाऊ शकते, आणि कमी तिकिटांचा भुर्दंड पत्र घेणाऱ्यावर पडतो!

वजन बरोबर २० ग्रॅम असेल तर? आकार ५ रुपये. म्हणून खालच्या पायरीच्या टोकाला भरीव ठिपका व वरच्या पायरीच्या आरंभी पोकळ वर्तुळ काढतात. येथेच पुष्कळ विद्यार्थी फसतात. ‘वर्तुळ पोकळ आहे, म्हणून उजवी सीमा नाही’ हे विधान चुकीचे आहे. ठिपका त्या बिंदूपाशी फलनाची किंमत सांगतो. सीमा मात्र जवळ येणाऱ्या रेषेवरून ठरते. (क्ष² − ४) ÷ (क्ष − २) याचा आलेख पाहा. ती सरळ रेषा आहे, फक्त क्ष = २ पाशी तिला छिद्र आहे. तेथे किंमत नाही, पण दोन्ही बाजूंनी रेषा ४ कडेच जाते. म्हणून सीमा ४ आहे.

सीमाच नसेल, तर डावी-उजवी वेगळी काढून उपयोग काय? उपयोग आहे. ठराविक अंतराने पुनरावृत्त होणाऱ्या फलनाची फूरिये श्रेणी उडीच्या जागी डाव्या व उजव्या सीमांच्या सरासरीकडे जाते, हे जर्मन गणिती डिरिश्ले यांनी १८२९ मध्ये योग्य अटींखाली सिद्ध केले.

टपालाच्या आलेखावरून क्ष = ३० पाशी दोन्ही सीमा व किंमत काढा. (उत्तर : तिन्ही १० रुपये.)