गाडीचा एसी : गारव्याचा हिशेब

वैशाखात लग्नसराई सुरू झाली की सोलापूर, लातूर, अकोला भागांतील व्यापारी घरांचे मोटारप्रवास वाढतात. मागच्या आसनावर आजी-आजोबा, मांडीवर तान्हे मूल आणि बाहेर ४२ अंशांचे ऊन. वाटेत कोणीतरी म्हणते, ‘एसी पूर्वीसारखा लागत नाही.’ दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये जाते, ‘गॅस कमी झाला आहे’ असे सांगण्यात येते, तो भरला जातो आणि पैसे दिले जातात. रोजमेळात दहा रुपयांचा फरक आला तर जो गृहस्थ दुकान वाढवीत नाही, तोच येथे काहीही न मोजता रक्कम देऊन मोकळा होतो.

वस्तुतः हा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. डॅशबोर्डमागील कॉइलमध्ये त्याची वाफ होताना आतील उष्णता शोषली जाते आणि पुढच्या जाळीमागील कंडेन्सरमध्ये ती बाहेर टाकली जाते. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षे तो किंचित झिरपतो हे खरे. परंतु एका उन्हाळ्यात भरलेला गॅस पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरत नसेल, तर कोठेतरी गळती आहे. ती न शोधता गॅस भरणे म्हणजे फाटक्या पोत्यात धान्य ओतणे.

म्हणून आधी मोजमाप करावे. स्वयंपाकघरात वापरतात तसा बारीक दांडीचा डिजिटल थर्मामीटर पुरेसा आहे. तापाचा थर्मामीटर येथे निरुपयोगी, कारण त्याचे आकडेच तिशीच्या पुढे सुरू होतात. दुरून नेम धरून तापमान दाखविणारी बंदूकही फसवी. ती हवेचे नव्हे, समोरच्या प्लॅस्टिकचे तापमान सांगते.

गाडी सावलीत उभी करून दारे दोन-तीन मिनिटे उघडी ठेवावीत, म्हणजे कोंडलेली उष्ण हवा निघून जाते. नंतर दारे-काचा बंद करून एसी सर्वांत थंड, पंखा मध्यम आणि आतलीच हवा फिरविणारे बटण चालू ठेवावे. ॲक्सिलरेटर हलका दाबून इंजिनाचे फेरे १५०० च्या आसपास राखावेत. दांडी मधल्या झरोक्यात, प्लॅस्टिकला न टेकता धरावी. दहा मिनिटांनी दिसणारा आकडा आणि बाहेरचे सावलीतील तापमान, दोन्ही लिहून ठेवावेत. एकट्या आकड्याला अर्थ नाही. बाहेर ३५ अंश असताना झरोक्यातून ६ ते १० अंशांची हवा येत असेल, तर यंत्रणा सुस्थितीत आहे. बाहेर ४२ असताना उभ्या गाडीत १२-१४ दिसले तरी घाबरण्याचे कारण नाही. मात्र ३५ मध्येच १५ च्या खाली उतरत नसेल, तर दोष आहे. कोकणात किंवा मुंबईत आकडा थोडा चढा राहतो, कारण हवेतील बाष्पाचे पाणी करण्यात बरीच शक्ती जाते. गाडीखाली ठिबकणारे पाणी तेच. ते सुलक्षण समजावे. तेच पाणी आत पायाशी साचू लागले, तर निचऱ्याची नळी तुंबली आहे.

दोष दिसला तरी तो गॅसचाच असेल असे नाही. हवा थंड, पण झोत मंद असेल तर बहुधा ग्लव्ह बॉक्समागचा फिल्टर धुळीने भरलेला असतो, आणि तो स्वस्तात बदलता येतो. धावत्या गाडीत गार आणि सिग्नलला कोमट होत असेल, तर कंडेन्सरचा पंखा किंवा त्यावर बसलेला चिखल-कचरा पाहावा.

यानंतरही गॅसचाच संशय उरला, तर केवळ बंद यंत्रणेचा दाब दाखविणाऱ्या घड्याळावर विश्वसू नये. घरातील गॅस सिलिंडर भरलेला असो वा अर्धा, दाब जवळजवळ सारखाच असतो. खरे ज्ञान वजनानेच होते. मोटारीचेही तसेच. गॅसचा प्रकार व वजन बॉनेटखालच्या चिठ्ठीवर छापलेले असते. छोट्या गाड्यांत ते साधारण ३५० ते ५०० ग्रॅम असते. जुना गॅस यंत्राने काढून, निर्वात करून, चिठ्ठीप्रमाणे तोलून भरावा. जास्त भरल्यानेही गारवा घटतो. किती ग्रॅम निघाला आणि किती भरला, हे बिलावर लिहून घ्यावे. चिठ्ठीवर ४५० आणि निघाला ४३०, तर तक्रारीचे मूळ गॅसमध्ये नव्हतेच. पैसे देण्यापूर्वी तोच थर्मामीटर त्याच झरोक्यात पुन्हा धरावा.

एक गोष्ट सहसा राहून जाते. झरोक्यात ८ अंश असले, तरी मागे झरोके नसलेल्या गाडीत आजींच्या जागी तीस असू शकतात. आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्या वृद्धांना उष्णता अधिक बाधते. तेव्हा एक माप मागच्या आसनावरही घ्यावे, आणि तेथे आकडा चढा दिसल्यास मधले झरोके वर वळवून, झोत पुढच्या दोघांच्या खांद्यांवरून मागे जाऊ द्यावा.