सूर्य बुडाला की डिकीचा नियम बदलतो

गोराईच्या किनाऱ्यावर सूर्य बुडाला, की मागे उभ्या असलेल्या मोटारींना लागणारा नियम बदलतो. खरंच बदलतो! अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्याचं कलम ४२ पाहा. खबर मिळाली, ती लिहून घेतली, की अधिकार दिलेला अधिकारी सूर्योदय ते सूर्यास्त या वेळात वॉरंटशिवाय गाडीची झडती घेऊ शकतो. मालकाची परवानगी लागत नाही. अंधार पडल्यावर मात्र आणखी एक पायरी येते. वॉरंट आणेपर्यंत माल गायब होईल किंवा माणूस निसटेल असं का वाटतं, ते आधी कागदावर उतरवायचं आणि मगच डिकीला हात लावायचा. तो कागद ७२ तासांत वरिष्ठांकडे गेला पाहिजे. साध्या शिपायाला तर हा अधिकारच नाही.

कागदाची ताकद किती? हरियाणात रस्त्यावरच्या एका खासगी जीपमध्ये अफूच्या बोंडांच्या चुऱ्याची पोती सापडली. शिक्षाही झाली. पण एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बूटा सिंग खटल्यात आरोपींना सोडलं, कारण कलम ४२ मुळीच पाळलं नव्हतं. रस्ता सगळ्यांचा असला, तरी त्यावरची खासगी गाडी ही ‘सार्वजनिक जागा’ नव्हे, असं न्यायालय म्हणालं. घाईत नोंद उशिरा झाली आणि उशिराचं कारण पटलं, तर चालतं. नोंदच नसेल तर नाही.

बस किंवा प्रवासी बोट हे मात्र सार्वजनिक वाहन. तिथे कलम ४३ लागतं, आणि त्यात ही आधीची लिखापढी नाही. आता बोरिवलीच्या जेट्टीवरून गोराईला निघालेली फेरीबोट डोळ्यांपुढे आणा. माणसांच्या गर्दीत स्कूटरही उभ्या आहेत. बोट सार्वजनिक, स्कूटर खासगी! तिच्या डिकीला ४२ लावायचं की ४३? दोन वकील यावर खाडी ओलांडेपर्यंत सहज भांडतील.

दारूचा कायदा निराळा. महाराष्ट्र दारूबंदी कायद्यानुसार मद्याच्या शोधात वाहन थांबवून तपासता येतं. अमेरिकेतही ही वाट दारूनेच उघडली. १९२१ मध्ये मिशिगनमध्ये एका मोटारीच्या गादीमागे बाटल्या सापडल्या, आणि १९२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की सबळ कारण असेल तर वॉरंटविना झडती चालेल. घर जागेवर राहतं, गाडी पळून जाते. आपला १९६२ चा कस्टम्स कायदा तर वाहनाबरोबर जनावरालाही थांबवू देतो, आणि किल्ली दिली नाही तर कुलूप तोडू देतो.

१ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेने झडतीचं चित्रीकरणही बंधनकारक केलंय, शक्यतो मोबाइलवरच. आणि डिकीतली पिशवी वेगळी, अंगावरच्या शर्टाचा खिसा वेगळा. अमली पदार्थांसाठी अंगझडती घ्यायची असेल, तर राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर ती व्हावी अशी मागणी तुम्ही करू शकता, आणि हा हक्क पोलिसांनीच तुम्हाला आधी सांगायचा असतो.