भंगारात जाता जाता विद्यापीठात पोचलेली इलेक्ट्रिक कार

टेस्लाच्या बऱ्याच आधी, १९९६ मध्ये, अमेरिकेत जनरल मोटर्सने 'ईव्ही१' ही इलेक्ट्रिक कार आणली. विकत नाही, फक्त लीजवर. जेमतेम १,११७ गाड्या बनल्या. पुढे कंपनीने प्रकल्पच गुंडाळला आणि गाड्या परत मागवल्या. कारण दिलं, सुटे भाग मिळणार नाहीत. लोक पैसे मोजून गाडी ठेवायला तयार होते, तरी बहुतेक गाड्या चिरडल्या गेल्या.

सुमारे ४० वाचल्या. त्या संग्रहालयांना आणि विद्यापीठांना मिळाल्या, तेही यंत्रणा निकामी करून, रस्त्यावर आणायची नाही या अटीवर. (याला दान म्हणायचं की नजरकैद?) तरी इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना बघण्यासारखं बरंच होतं: ॲल्युमिनियमची फ्रेम, 'टी' आकारात मांडलेला बॅटरी पॅक, ब्रेक लावताच वीज परत बॅटरीत भरणारी रचना.